विसरलेल्या दशकातला स्का : २००० ते २००९ मधील संगीत पुन्हा कसे ऐकावे

स्का या जमैकात जन्मलेल्या, पितळी वाद्यांच्या नाचऱ्या संगीताचा इतिहास सहसा तीन लाटांत सांगितला जातो. पहिली लाट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, जमैकातली. दुसरी १९७९ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातून उसळलेली, 'टू टोन' या लेबलची, म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीची. आणि तिसरी १९९० च्या दशकातली, अमेरिकेची, जिच्यात पंक रॉकशी जुळवलेला स्का रेडिओवर आणि एमटीव्हीवर दिवसभर वाजू लागला. १९९७ च्या सुमारास ही तिसरी लाट ऐन भरात होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी हात काढून घेतला, न्यूयॉर्कचे 'मून स्का' हे लेबल २००० मध्ये बंद पडले, आणि इतिहास सांगणारे बहुतेक जण याच ठिकाणी थांबतात. चौकड्यांच्या टोप्या आणि विनोदी व्हिडिओ यांना लोक कंटाळले होते, हे खरेच होते. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे त्या कंटाळ्यात पुढच्या दहा वर्षांतले उत्तम काम करणारे बँडही वाया गेले.

या दशकाकडे दुर्लक्ष होण्याचे मुख्य कारण माझ्या मते असे, की ते १९९७ च्या मापाने मोजले गेले. रेडिओवर गाजलेले गाणे शोधायला गेलेल्याला २००० नंतर हाती काही लागत नाही, कारण या काळातल्या बँडांनी तशी गाणी करण्याचा नाद सोडून दिला होता. एका बाजूला काही जण जमैकाच्या मूळ वादनाकडे गंभीरपणे वळले होते, दुसऱ्या बाजूला काही जण लांबलचक, गुंतागुंतीच्या आणि पुष्कळदा उदास रचना करत होते, आणि दोन्हीकडे संपूर्ण अल्बम हेच एकक होते. त्यामुळे हे संगीत पुन्हा ऐकायचे तर गाजलेल्या गाण्यांच्या याद्या बाजूला ठेवून लेबल, वादक आणि अल्बम यांच्या वाटेने जावे लागते.

आधी कान तयार करावा

ज्यांनी स्का फारसा ऐकलेला नाही त्यांनी प्रथम ठेका अंगात मुरवून घ्यावा. 'एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि' असे सावकाश मोजावे, आकड्यांवर पाय टेकवावा आणि प्रत्येक 'आणि'वर टाळी द्यावी. गिटार किंवा पियानोचा तो तुटक, लगेच दाबून बंद केलेला आघात नेमका त्या टाळीच्या जागी पडतो, आणि त्यालाच वादक 'स्कँक' म्हणतात. समेवर येण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हा मधल्या जागेवरचा जोर सुरुवातीला निसटल्यासारखा वाटतो, पण दोन-तीन गाण्यांत तो बसतो. ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यावर असतो, आणि खाली बास गिटार जॅझमधल्याप्रमाणे प्रत्येक आकड्यावर एक सूर टाकत चालत राहते. ही ड्रमची पद्धत घडवण्याचे श्रेय प्रामुख्याने जमैकन बँड 'द स्कॅटलाइट्स'चे लॉइड निब यांना दिले जाते. १९६४ मध्ये स्थापन होऊन १९६५ मध्ये फुटलेल्या त्या बँडची एखादी संग्रहित तबकडी पूर्ण ऐकल्याशिवाय २००० च्या दशकाकडे वळू नये, कारण पुढचे अर्धे बँड त्यांच्याशीच बोलत असतात.

येथे एक विषयांतर मला आवश्यक वाटते. स्कॅटलाइट्समधले ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मकूक यांच्यासारखे वादक किंग्स्टनच्या 'अल्फा बॉइज स्कूल'मध्ये घडले. ही कॅथलिक जोगिणींनी चालवलेली शाळा होती आणि तेथे गरीब घरांतल्या मुलांना पितळी वाद्ये आणि स्वरलेखन शिकवले जाई. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईला आलेल्या आणि हिंदी चित्रपटसंगीताला ट्रम्पेट व सॅक्सोफोनचा आवाज देणाऱ्या वादकांची कथा याच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तील चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ज्यांच्या कानात आहे, त्यांना स्कातला पितळी वाद्यांचा ताफा परका वाटण्याचे कारण नाही.

कान तयार करण्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. 'यू आर वंडरिंग नाऊ' हे गाणे तीन रूपांत ओळीने ऐकावे : १९६० च्या दशकातील अँडी अँड जोई या जमैकन जोडीचे मूळ गाणे, त्यानंतर १९७९ मधील, कॉव्हेंट्रीच्या 'द स्पेशल्स'च्या पहिल्या अल्बमच्या शेवटी येणारे, आणि अखेरीस ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांनी गायलेले, जे २००८ च्या त्यांच्या स्का गीतांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकेत आले. चाल तीच असताना बास किती पुढे येते, गिटारचा आघात किती कोरडा किंवा ओला आहे आणि गाणारे ठेक्याच्या किती मागे रेंगाळतात, एवढ्याच तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. 'बॅक टू ब्लॅक' या अल्बमच्या अफाट यशात वाइनहाउस यांची ही छोटी मुद्रिका अगदी झाकली गेली. या दशकात शिरण्यासाठी तिच्याइतके सोपे दार दुसरे नाही.

एका अल्बमवर मुक्काम करावा

यानंतर पन्नास बँड चाळत बसण्यापेक्षा एका अल्बमवर ठाण मांडावे, आणि तो अल्बम न्यू जर्सीच्या 'स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो'चा 'एव्हरीथिंग गोज नम्ब' असावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे स्काचे नाव काढले तरी लोक हसतील अशा काळात, प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता टोमास कालनोकी हा जन्माने चेकोस्लोव्हाकियाचा. त्याच्या चालींमध्ये पूर्व युरोपीय लोकसंगीताची छटा सतत जाणवते, आणि नव्वदीतला उनाड, खिदळणारा स्का ऐकून आलेल्या माणसाला ही उदासी प्रथम गोंधळात टाकते. गाण्यांचे विषय मृत्यू, आत्महत्येच्या उंबरठ्यावरचा मित्र, पश्चात्ताप असे आहेत, आणि शब्दांची गर्दी इतकी, की श्वास कुठे घेतला असेल असा प्रश्न पडावा.

हा अल्बम एका बैठकीत समजत नाही, म्हणून तो तीन वेळा तीन तऱ्हांनी ऐकावा. पहिल्या वेळी शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून केवळ ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा माग काढावा. नव्वदीच्या स्का-पंकमध्ये ही वाद्ये बहुधा दोन ओळींमधली रिकामी जागा भरत. येथे ती गायकाच्या चालीला छेद देणारी दुसरी स्वतंत्र चाल वाजवतात आणि पुष्कळदा एकमेकांपासूनही फुटून वेगळ्या वाटेने जातात. दुसऱ्या वेळी बास आणि ड्रम ऐकावेत, म्हणजे स्काचा ठेका कोणत्या क्षणी सुटतो, पंकची सरळ धाव कुठे सुरू होते आणि पुन्हा ठेक्यावर येताना वादक किती सफाईने वळतात, हे ध्यानात येते. तिसऱ्या वेळी मात्र शब्द समोर ठेवूनच ऐकावे. 'हिअर्स टू लाइफ' या गाण्यात हेमिंग्वे, काम्यू आणि व्हॅन गॉग यांचे उल्लेख ओळीने येतात, ते धावत्या ऐकण्यात हमखास हातचे निसटतात.

याच कालनोकीने त्याआधी 'कॅच २२' या बँडसह १९९८ मध्ये 'कीज्बी नाइट्स' नावाचा अल्बम केला होता, आणि बँड सोडल्यानंतर २००६ मध्ये त्याने तोच संपूर्ण अल्बम स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टोकडून नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतला. दशक बदलताना काय बदलले, हे दाखवणारे इतके सोयीचे उदाहरण क्वचित मिळते. दोन्हींतले 'डिअर सर्जियो' हे पहिलेच गाणे पाठोपाठ लावून पाहावे. जुन्यात मुलांचा उतावळेपणा, किंचित सुटलेले सूर आणि खोलीचा आवाज आहे. नव्यात सगळे घासूनपुसून, नेमक्या जागी बसवलेले आहे. स्वच्छ प्रत चांगली असणारच असे समजून अनेक जण थेट २००६ ची प्रत घेतात. माझा कौल १९९८ च्या बाजूने आहे, परंतु वाद्यांची मांडणी शिकायची असेल तर दुसरी प्रत अधिक उपयोगाची आहे, हे मान्य करावे लागते.

संथ धारेकडे वळावे

या दशकातला स्का म्हणजे केवळ वेगवान स्का-पंक, हा समज सर्वांत आधी खोडून काढला पाहिजे. 'रॅन्सिड' या पंक बँडच्या टिम आर्मस्ट्राँगने १९९७ मध्ये काढलेल्या 'हेलकॅट' या लेबलची २००० नंतरची यादी पाहिली, तर तिच्यात जुन्या जमैकन पद्धतीने वाजवणारे बँड ठळकपणे दिसतात. न्यूयॉर्कच्या 'द स्लॅकर्स'चे 'वेस्टेड डेज' (२००१), 'क्लोज माय आइज' (२००३) आणि 'पिक्यूलियर' (२००६) हे तीन अल्बम याच क्रमाने ऐकावेत. विक रुजिएरो याचा किंचित नाकातला, रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसासारखा थकलेला आवाज आणि त्याच्याच हातचे ऑर्गन यांवर हा बँड उभा आहे. त्यांची गाणी बंद खोलीत मोठ्या आवाजात ऐकण्यापेक्षा मध्यम आवाजात, काही काम करत असताना ऐकली तर अधिक उघडतात, कारण त्यांचे सारे बळ ठेक्याच्या किंचित मागे राहण्यात आहे.

लॉस एंजेलिसचे 'द ॲग्रोलाइट्स' २००२ मध्ये एकत्र आले आणि आपल्या वादनाला त्यांनी 'डर्टी रेगे' असे नाव दिले. त्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम २००३ चा आहे. काटेकोर बोलायचे तर हा स्का नव्हे. १९६८-६९ च्या सुमारास स्का आणि त्याचे संथ रूप असलेली रॉकस्टेडी यांच्यामागून आलेल्या, ऑर्गनच्या बुडबुड्यांनी भरलेल्या सुरुवातीच्या रेगेचे हे पुनरुज्जीवन आहे. तरीही ऐकणाऱ्यांचे वर्तुळ तेच असल्यामुळे त्यांना येथून वगळणे कोतेपणाचे होईल. २००६ च्या, बँडच्याच नावाच्या अल्बममध्ये त्यांनी बीटल्सचे 'डोन्ट लेट मी डाऊन' वाजवले आहे. मूळ गाणे सर्वांच्या ओळखीचे असल्याने ठेका बदलला की गाण्याचा स्वभाव कसा पालटतो, हे त्यावरून लगेच कळते. बोस्टनच्या 'वेस्टबाउंड ट्रेन'चा 'ट्रान्झिशन्स' (२००६) हा सोल संगीताकडे झुकलेला अल्बमही याच धारेतला.

बोस्टनच्याच 'बिग डी अँड द किड्स टेबल' यांनी मात्र दोन्ही धारांत पाय ठेवला. 'स्ट्रिक्टली रूड' (२००७) ऐकून झाल्यावर 'फ्लुएंट इन स्ट्रोल' (२००९) लावला तर हा तोच बँड आहे यावर विश्वास बसत नाही, इतका त्यांनी वेग उतरवलेला आहे.

फुकट वाटलेले संगीत

या दशकात संगीत विकण्याची पद्धतच मोडकळीला आली होती, आणि त्या मोडतोडीतून निघालेला सर्वांत कल्पक माणूस म्हणजे लाँग आयलंडचा जेफ रोझेनस्टॉक. त्याचा 'द अ‍ॅरोगंट सन्स ऑफ बिचेस' हा स्का-पंक बँड विस्कटत असताना त्याने घरच्या संगणकावर एकट्याने गाणी ध्वनिमुद्रित करून 'बॉम्ब द म्युझिक इंडस्ट्री!' या नावाने इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. 'अल्बम मायनस बँड' (२००५) हा त्यातला पहिला. २००६ मध्ये त्याने 'कोट अनकोट रेकॉर्ड्स' हे ऐच्छिक देणगीवर चालणारे लेबल काढले. कार्यक्रमाला येणाऱ्याने आपला जुना टीशर्ट आणावा आणि बँडने त्यावर रंग फवारून नाव छापून द्यावे, असा त्यांचा रिवाज होता. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, ट्रम्पेटच्या जागी कुठे कुठे सिंथेसायझर आहे, आणि स्काचा ठेका तर मनात येईल तेव्हा येतो-जातो. ज्यांना शुद्ध प्रकाराची आवड आहे ते येथे वैतागतील. त्यांनी हा भाग खुशाल वगळून स्लॅकर्सकडे परत जावे. त्याच्या जुन्या बँडचा 'थ्री चिअर्स फॉर डिसअपॉइंटमेंट' (२००६) मात्र कोणीही वगळू नये.

इंग्रजीबाहेर

अमेरिकेत स्काला ओहोटी लागली होती, तेव्हा इतरत्र तसे चित्र मुळीच नव्हते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'टोक्यो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा'ने या दशकाच्या आरंभी आपल्या वाद्यसंगीताला जपानी रॉकमधल्या पाहुण्या गायकांची जोड दिली, आणि त्यातून आलेला 'स्टॉम्पिन ऑन डाऊन बीट ॲली' (२००२) हा अल्बम ऐकण्यासाठी जपानी भाषेची काहीही गरज लागत नाही. मेक्सिकोतील मॉन्तेरेच्या 'इन्स्पेक्टर'चा 'आल्मा एन फुएगो' (२००१) आणि मेक्सिको सिटीच्या 'पान्तेओन रोकोको'चा 'कोम्पान्येरोस मुसिकालेस' (२००२) हे तर त्यांच्या देशात घरोघरी पोहोचलेले अल्बम आहेत; ते 'दुर्लक्षित' आहेत ते केवळ इंग्रजीतून इतिहास वाचणाऱ्यांच्या दृष्टीने. इन्स्पेक्टरमध्ये स्काच्या ठेक्यावर बोलेरोच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या संथ प्रेमगीतांच्या, धर्तीची विरहगीते येतात, आणि भावगीतांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला ती कदाचित सर्वांत जवळची वाटतील.

लंडनमध्ये जन्मलेला 'स्का क्युबानो' हा प्रयोगही जरूर ऐकावा. टॉमी मकूक आणि रोलंड अल्फॉन्सो हे स्कॅटलाइट्सचे दोन सॅक्सोफोनवादक क्युबातील हवानात जन्मलेले, म्हणजे क्युबा आणि जमैका यांचे नाते स्काच्या मुळाशीच होते. क्युबन क्रांतीनंतर त्या दोन बेटांमधले येणेजाणे आटले. ते आटले नसते तर काय घडले असते, याची कल्पना २००५ च्या 'आय कारांबा!' या अल्बममधून करता येते. ब्रिटनमधल्या स्का-पंकसाठी मिल्टन कीन्सच्या 'कॅपडाऊन'चा 'सिव्हिल डिसओबिडिअन्ट्स' (२०००) पुरेसा आहे.

शोध आणि प्रत

आता अडचणीचा भाग. या दशकातले असंख्य लहान बँड सीडी काढण्याऐवजी संकेतस्थळांवर गाणी ठेवत होते, आणि ती संकेतस्थळेच बुडाली. 'एमपीथ्री डॉट कॉम'वरचा साठा २००३ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला. 'मायस्पेस'ने २००३ ते २०१५ या काळातली सुमारे ५ कोटी गाणी गमावल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार 'इंटरनेट अर्काइव्ह'वर परत मिळवून ठेवण्यात आली. एखाद्या बँडचे नाव कुठेही सापडत नसेल तर प्रथम तेथे शोधावे, नंतर त्या बँडचा जुना पत्ता बंद पडलेल्या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या 'वेबॅक मशीन'मध्ये घालून पाहावा. कोणत्या लेबलने काय काढले, कोणी कोणत्या अल्बममध्ये ट्रॉम्बोन वाजवला, हे 'डिस्कॉग्स' या ध्वनिमुद्रिकांच्या सूचीच्या संकेतस्थळावर पाहावे. स्काचे वादक पाहुणे म्हणून सतत एकमेकांकडे वाजवत असल्यामुळे एका ट्रॉम्बोनवादकाच्या नावावरून चार अनोळखी बँड मिळतात, आणि ही युक्ती कोणत्याही तयार यादीपेक्षा अधिक फळ देते. लेबलांमध्ये माइक पार्क यांनी आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमधून चालवलेले कॅलिफोर्नियाचे 'एशियन मॅन', शिकागोचे 'जम्प अप', लंडनचे 'हाउसहोल्ड नेम' आणि जर्मनीतील म्युन्स्टरचे 'ग्रोव्हर' यांच्या याद्या चाळाव्यात.

मिळालेल्या प्रतीची पारख करणेही आवश्यक आहे. त्या काळच्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्री फायलींमध्ये झांजांचा आवाज फेसाळतो आणि ट्रम्पेटची धार बोथट होते. अशी प्रत ऐकून एखाद्या बँडला नापास करणे अन्यायाचे ठरेल. फायलींवरची नावेही विश्वासार्ह नसतात, कारण फुकट देवाणघेवाणीच्या त्या दिवसांत कोणत्याही विनोदी स्का गाण्यावर कोणत्याही प्रसिद्ध बँडचे नाव चिकटवले जाई. सीडी मिळाली तरी आणखी एक पथ्य पाळावे. त्या दशकात ध्वनिमुद्रण शक्य तितक्या मोठ्या आवाजात दाबून भरण्याची चाल होती, त्यामुळे ध्रुवपदाला पितळी वाद्ये एकदम फुलून यायला हवीत तेथे ती फुलत नाहीत. म्हणून १९६४ ची आणि २००४ ची गाणी शेजारी ठेवताना आवाजाची पातळी हाताने सारखी करून घ्यावी, अन्यथा मोठा आवाज तोच चांगला, असा भ्रम होतो.

विकत घेताना शक्य असेल तर २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बँडकॅम्प' या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरून किंवा थेट बँडकडून घ्यावे. स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टोने आपल्या 'व्हिक्टरी रेकॉर्ड्स' या लेबलशी बिनसल्यावर चाहत्यांना लेबलकडून काहीही विकत न घेण्याचे जाहीर आवाहन केले होते, हे लक्षात घेता पैसे कोणाकडे जातात याची चौकशी करणे गैर नव्हे.

दशक संपता संपता 'द स्पेशल्स' पुन्हा एकत्र आले, २००९ मध्ये त्यांचे दौरे गाजले, आणि वृत्तपत्रांचे लक्ष परत १९७९ कडे गेले. नव्या बँडांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. त्याच २००९ मध्ये दिल्लीत 'द स्का व्हेंजर्स' हा बँड उभा राहिला. त्याचा पहिला अल्बम त्यानंतरच्या दशकातला असल्याने तो या दशकाच्या कक्षेत बसत नाही, पण वरील सारे ऐकून झाल्यावर पुढे कुठे जावे असा प्रश्न पडेल, तेव्हा भारतीय श्रोत्याने तेथूनच सुरुवात करावी. आणि जुन्या बाजारात किंवा परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात डिस्कॉग्सवर नोंद नसलेली स्काची सीडी हाती लागलीच, तर तिच्या वेष्टनावरची वादकांची नावे, लेबलचा क्रमांक आणि साल जसेच्या तसे तेथे नोंदवावे, आणि फाइल करताना एमपीथ्रीऐवजी काहीही न गाळणारे 'फ्लॅक' हे स्वरूप निवडावे.